पॉलिशवर पानंच्या पानं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया पोचली. कडक आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून लिहिली आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या आठवड्यात मी जॉकींच्या, म्हणजे शर्यतीत घोड्यावर बसणाऱ्यांच्या, टापटिपीवर लिहिलं होतं. बुटांची चकाकी, मानेवर मशीन मारलेले केस, शर्यतीच्या दिवशीची गुळगुळीत दाढी. त्यावर ताईंचं म्हणणं असं की हे वजन उतरवायला उपाशी राहणाऱ्या माणसांच्या नटण्यामुरडण्याचं कौतुक झालं. भडक शर्ट घालून मिरवणाऱ्यांच्या पॉलिशवर पानंच्या पानं, आणि त्यांच्या पोटावर एक ओळ नाही. शिवाय जुगाराला अत्तर लावलंय ते वेगळंच.

जुगाराचं आधी उरकतो. मी घोड्यावर पैसे लावले ते जन्मात एकदाच. दहा रुपये. ते गेले, आणि घरी कळल्यावर पाठही शेकली. त्या बाबतीत आपलं भांडणच नाही.

शर्टांच्या बाबतीत मात्र तुमची गल्लत झाली आहे. ते रंग जॉकीचे नसतात, घोड्याच्या मालकाचे असतात. मालकाने आपले रंग नोंदवायचे आणि त्याच्या घोड्यावर बसणाऱ्याने ते चढवायचे. लांबून कोणाचा घोडा पुढे आहे ते ओळखू यावं म्हणून इंग्लंडात न्यूमार्केटला १७६२ साली ही नोंदणी सुरू झाली, आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला काय, आमच्या पुण्याला काय, रीत तीच. दिवसात पाच घोडे मिळाले तर पाच शर्ट आणि पाच टोप्या. गुलाबीवर पिवळे ठिपके आले तरी तक्रार कोणाकडे करणार? घोडा मालकाचा, डावपेच ट्रेनरचे, घोड्याच्या पाठीवर जॉकी आणि खोगीर धरून किती किलो चढवायचे ते ठरवणार हँडिकॅपर नावाचा अधिकारी. या सगळ्यात माणसाचं स्वतःचं म्हणून दिसण्यासारखं उरतं काय, तर मानेवरची रेघ, दाढी आणि बूट. ते तो जपतो. याला मी नटणं म्हणणार नाही.

हे मी रेसकोर्सच्या कठड्याला टेकून बघितलेलं नाही. आमचं सलून घोरपडीकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. तीन खुर्च्या, त्यातली एक कायम मोडकी. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, त्यामुळे जुलै लागला की शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे घोड्यांवरची मंडळी यायची. जॉकी, शिकाऊ पोरं, घोड्यांची निगा राखणारे सईस. एकदा नव्या कारागिराने एका शिकाऊ जॉकीला बघून लहान मुलांना बसवायची फळी खुर्चीच्या हातांवर टाकली. पोरगा सतरा वर्षांचा, उंचीने जेमतेम. माझ्या वडिलांनी काही न बोलता फळी काढून भिंतीला लावली आणि त्याची दाढी स्वतः केली. दाढी कसली, ओठावर नुसती लव होती. पण वस्तरा चालवला, तुरटी फिरवली, गरम टॉवेल दिला, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी त्याला घोडा होता.

गुळगुळीत दाढीला कारणही रोकडं आहे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो. दोन दिवसांचे खुंट आणि वर घाम असला की तिथली कातडी सोलून निघते. कल्ले लांब ठेवले तर पट्ट्याखाली ओढ बसते. डोक्यावर केसांचं जंगल असेल तर हेल्मेट हलतं, आणि घोडा भरधाव असताना ते डोळ्यांवर आलेलं कोणाला परवडेल? पावसात गॉगल एकावर एक दोन-तीन चढवतात. पुढच्या घोड्यांच्या टापांनी चिखल उडाला की वरचा खाली ओढायचा, खालच्या स्वच्छ काचेतून बघायचं. मनगटाशी बाह्यांना रबर बँड लावतात, वारा भरून बाही फडफडू नये म्हणून. बूट तर इतके पातळ की हातात घेतले तर पाकीट उचलल्यासारखं वाटतं. ते चटकन चढावेत म्हणून कित्येक जण आतून बायकांचे लांब नायलॉनचे मोजे घालतात. तुम्ही नटण्याचं म्हणालात म्हणून सांगतो, आमच्या सलूनमध्ये त्यावर पुष्कळ हसाहस व्हायची आणि सगळ्यात मोठ्याने हसायचे ते जॉकीच.

आता पोटाचं. इथे तुमचं खरं आहे. मी ते टाळलं होतं, मुद्दाम नव्हे, पण टाळलं होतं. खरं तर मला ते सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण ते गालावर दिसतं. वडील म्हणायचे, 'याच्या तोंडावर पाणी नाही, वस्तरा अडतोय.' घाम काढून काढून वजन उतरवलेल्या माणसाची कातडी कागदासारखी होते, वर साबणाचा फेस टिकत नाही, चटकन सुकतो. अशा गिऱ्हाइकाला वडील टॉवेल दोनदा द्यायचे आणि गालाच्या खळग्यात कातडी दोन बोटांनी ताणून धरायचे. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा असायच्या, तिथे तुरटी लावायची नाही, असा मला दम होता. काही जण खाल्लेलं ओकून टाकतात. हे जगभरच्या जॉकींमध्ये चालत आलेलं आहे, आणि त्यातल्या आम्लाने दातांवरचं कवच झिजतं. म्हणजे तुम्ही ज्याला मिरवणं म्हणता आहात, त्या चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं असतं. वाचणारा लागतो. मी आरशात केसांची रेघ बघत बसलो.

तुमच्या म्हणण्याला मीच एक पुरावा जोडतो. फ्रेड आर्चर हा इंग्लंडचा जॉकी लागोपाठ तेरा वर्षं चॅम्पियन होता. उंची ५ फूट १० इंच, म्हणजे या धंद्यात ताडमाड. जुलाबाचं एक जहाल औषध घेऊन घेऊन तो वजन उतरवायचा, लोक त्या औषधाला 'आर्चरचं मिश्रण' म्हणत. १८८६ साली केंब्रिजशायरच्या शर्यतीसाठी त्याने अन्न तोडलं, तरी काट्यावर एक पौंड जास्त भरला, आणि शर्यत गेली ती घोड्याच्या डोक्याएवढ्या अंतराने. थोड्याच दिवसांत तापाच्या भरात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय २९. इंग्लंडचाच नंतरचा जॉकी लेस्टर पिगॉटही ५ फूट ८ इंचांचा. एप्सम डर्बी ही तिथली मानाची शर्यत नऊ वेळा जिंकलेला माणूस, पण त्याचे फोटो बघा, हसरा क्वचितच सापडेल. ओढलेला चेहरा, आत गेलेले गाल. लोकांना ती त्याची ऐट वाटायची.

'सॉना, म्हणजे घाम काढायच्या त्या गरम खोल्या, बंद का करत नाहीत' असं तुम्ही विचारलंय. ब्रिटनमध्ये केलेत. कोविडमध्ये २०२० साली रेसकोर्सवरचे सॉना बंद झाले ते २०२१ साली कायमचे बंद ठेवायचं ठरलं. चांगलंच झालं. घरातल्या कढत पाण्याच्या टबाला मात्र कुलूप कोण लावणार? जोवर काट्यावरचा आकडा ठरलेला आहे आणि माणसांची उंची वाढते आहे, तोवर कुठून तरी घाम निघणारच. त्यावर लिहायचं तर डॉक्टरांशी बोलून लिहायला हवं, न्हाव्याच्या पोराने अंदाजाने नको. पण लिहायला हवं, हे मान्य.

एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. उपाशी माणसाने बूट चकचकीत ठेवले तर त्याच्या उपाशीपणाचं कौतुक होत नाही. तो सतरा वर्षांचा पोरगा दाढी झाल्यावर आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत बसला होता. मागे गिऱ्हाईक ताटकळलं होतं, तरी वडिलांनी त्याला उठवलं नाही. तुमच्यासाठी मी ते दृश्य लेखातून काढणार नाही.

एक ओळ मात्र आज बदलली आहे. मी लिहिलं होतं की जॉकी मंडळी आमच्याकडे कधी चहा घेत नसत, दातांवर डाग पडतात म्हणून. लहानपणी मला तसं सांगितलं होतं आणि मी ते तसंच पुढे ढकललं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वडील चहावाल्या पोऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. आमचाही चहा त्या दिवशी मागच्या बोळात, उभ्याने.