पुन्हा चालवून पाहा, हे उत्तर नव्हे

आज सकाळी वेंगुर्ल्याच्या एका विद्यार्थिनीने आमच्या मुक्तस्रोत प्रकल्पाला दिलेला आपला पहिलाच पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, मागे घेतला, आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. ग्रंथालयांच्या देवघेवीचे हे सॉफ्टवेअर आम्ही काही जण नोकरीधंदा सांभाळून चालवतो. तिने पावतीवर जोडाक्षरे तुटत होती ती दुरुस्त केली होती, अवघ्या चार ओळींत. लाल झाली, म्हणजे नापास ठरली, ती मात्र शोधयादीची टेस्ट, कोड आपोआप तपासणारी चाचणी, जिला तिने हातही लावला नव्हता. "माझेच काहीतरी चुकले असावे, क्षमस्व," एवढे लिहून ती गेली. त्याखाली आमच्यातल्याच एका जुन्या मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, शेरा होता, "ती टेस्ट अशीच आहे, पुन्हा चालवून पाहा."

अशीच आहे म्हणजे कशी आहे? आणि हे त्या मुलीला कोणी सांगितले होते?

दोन वर्षांपूर्वी देवगडच्या घरी, वीज गेलेली असताना, लॅपटॉपच्या बॅटरीवर रात्री पावणेदोनला मी काम करत होतो. आज दिलेले पुस्तक सात दिवसांनी परत यायचे, एवढेच तपासणारी टेस्ट लाल झाली. सकाळी चालवली तर हिरवी. तेव्हा मलाही हेच उत्तर मिळाले आणि मी ते मुकाट्याने मानले. पुढे तीन महिने रात्री लाल झालेली ती टेस्ट मी सकाळी पुन्हा चालवत राहिलो.

कारण शेवटी सापडले ते असे. कोड तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे घेत होता आणि टेस्ट माझ्या यंत्राप्रमाणे. आपण साडेपाच तास पुढे असल्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोघांच्या तारखा वेगळ्या असत. टेस्ट चालवणारा सर्व्हर यूटीसीवरच असल्याने तिथे ती कधीच पडत नव्हती, आणि जर्मनीतल्या सहकाऱ्याकडे ही फट फार तर दोन तासांची, तीही तो झोपलेला असताना. रात्री बारानंतर मोबाइलवरून पुस्तकाची मुदत वाढवणाऱ्या वाचकाला एक दिवस कमी मिळत होता, म्हणजे दंड एक दिवस आधी लागत होता. तीन महिने ती टेस्ट हेच सांगत होती.

आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या समुद्रात जात नाहीत. तोच बावटा वारा नसताना दर आठवड्याला चढवला, तर खऱ्या वादळाच्या दिवशी त्याकडे मान वर करून कोण पाहील?

गेल्या महिन्यात तर कहर झाला. पडलेली टेस्ट आपोआप तीनदा चालवायची आणि एकदा जरी पास झाली तरी हिरवी दाखवायची, अशी सोय कोणीतरी करून टाकली. दोनपैकी एकदा डोके वर काढणारी चूक अशाने आठपैकी सात वेळा दिसणारच नाही. ही सोय नव्हे, ही लपवाछपवी आहे, आणि ती मला मान्य नाही.

गुगलनेही २०१६ साली लिहिले होते की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमीअधिक लहरीपणा, म्हणजे कोड न बदलताही कधी पास तर कधी नापास होणे, आहे. तेव्हा तो समूळ जाणार नाही, हे मान्य. प्रकाशन तोंडावर असताना एखादी टेस्ट बाजूला ठेवावी लागते, हेही मान्य, पण तिच्यावर कोणाचे तरी नाव आणि तारीख हवी. देवगडच्या त्या रात्रीच्या टेस्टवर कोणाचेच नाव नव्हते, म्हणून ती कोणाचीच नव्हती. तिला यंत्राच्या वेळेऐवजी ठरावीक घड्याळ हातात दिल्यावर ती आजतागायत एकदाही विनाकारण पडलेली नाही. तेवढे काम एका दुपारचे होते.

दुपारी मी आजची नोंद उघडून वाचली. शोधयादी तयार होण्यासाठी टेस्ट दोन सेकंद थांबते आणि निकाल तपासते. सर्व्हरवर आज गर्दी होती आणि यादीला अडीच सेकंद लागले. इतकेच. आता टेस्ट यादी तयार झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबते, आणि तीस सेकंदांत मिळाली नाही तरच पडते. मुद्दाम यंत्रावर भार टाकून दोनशे वेळा चालवली, दोनशे वेळा पास झाली.

त्या मुलीला मी लिहिले आहे की चूक तुझी नव्हती, आमची होती, आणि ती आता दुरुस्त केली आहे. तुझा पॅच पुन्हा उघड, मी स्वतः तपासतो. अजून उत्तर आलेले नाही.