पर्थची अस्वलं, पुण्याचा संघ आणि डॉक्टरची खुर्ची

ऑफिसमधल्या माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पंचवीस वर्षं एक जर्सी कपाटात जपून ठेवली होती. लाल-काळी, छातीवर अस्वल. मे २०२५ मध्ये एके दिवशी तो ती घालूनच कामावर आला. आदल्या दिवशी जाहीर झालं होतं की २०२७ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रग्बी लीगमध्ये 'पर्थ बेअर्स' नावाचा अठरावा संघ उतरणार. त्याचा संघ नॉर्थ सिडनी बेअर्स. १९०८ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हाच्या मूळ संघांपैकी एक. १९९९ च्या अखेरीस स्पर्धेने त्याचं स्वतंत्र स्थान काढून घेतलं आणि मॅन्ली या शेजारच्या संघाशी त्याची मोट बांधली. ती दोन-तीन वर्षांतच सुटली. मॅन्ली पुन्हा स्वतःच्या नावाने उभा राहिला, बेअर्स मात्र दुय्यम स्पर्धेतच राहिले. आता तेच नाव, तेच रंग, पण घर मात्र खंडाच्या दुसऱ्या टोकाला, विमानाने पाच तासांवर.

"हा तुझाच संघ वाटतो का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "पर्थमधल्या एखाद्या पोराला तो स्वतःचा वाटला, की मला माझा वाटेल." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेरा-तेरा खेळाडू, ऐंशी मिनिटं. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा वेळा पकडलं जाईपर्यंत पुढे सरकायचं, मग चेंडू समोरच्यांकडे. रग्बी युनियन हा वेगळा खेळ, त्यात आणि यात गल्लत करू नये. मी सिडनीच्या पश्चिमेला वेन्टवर्थव्हिलला राहायला आलो आणि पॅरामॅटाच्या मैदानावर पहिला सामना पाहिला, तेव्हा मला ही आपली कबड्डीच वाटली. एकटा माणूस समोरच्या भिंतीत घुसतो, तिघेजण त्याला कंबरेत, मांडीत, घोट्यात धरून जमिनीवर आणतात. कोपऱ्यात उभं राहून चढाई करणाऱ्याच्या पायावर नजर ठेवलेल्या माणसाला हा खेळ शिकवावा लागत नाही.

सध्या इथल्या चाहत्यांमध्ये दोन वाद रंगलेले असतात. पहिला नव्या संघांचा. पर्थनंतर २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ येणार, म्हणजे एकोणीस. प्रत्येक संघाला तीस मुख्य खेळाडू लागतात, म्हणजे आणखी साठ. एवढे दर्जेदार खेळाडू आणायचे कुठून, असं सिडनीतले जुने चाहते विचारतात. २०२३ मध्ये डॉल्फिन्स हा सतरावा संघ आला तेव्हाही हाच प्रश्न होता. त्यांनी पहिल्याच सामन्यात सिडनी रूस्टर्सना २८-१८ असं हरवलं. खेळाडू कमी पडतील ही भीती मला पटत नाही. संधी दिसली की खेळाडू तयार होतात, आणि ती आपल्या गावाजवळ दिसली तर लवकर होतात.

पापुआ न्यू गिनीबद्दलचा वाद अधिक कडवट आहे. ऑस्ट्रेलियाचं सरकार त्यासाठी दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे. त्यामागे पॅसिफिकमध्ये चीनला शह देण्याचा हिशेब आहे, हे कोणी लपवत नाही. आमच्या करातून दुसऱ्या देशाचा संघ का, असं लोक विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण तो देश या खेळाला राष्ट्रीय खेळ मानतो. त्यांचा 'हंटर्स' संघ २०१४ पासून क्वीन्सलंडच्या स्पर्धेत खेळतो आणि २०१७ मध्ये त्याने ती जिंकली. मेलबर्नकडून २०२० चं विजेतेपद जिंकलेला जस्टिन ओलाम तिथल्याच डोंगराळ भागातला. ज्या लोकांनी या खेळावर इतकी वर्षं निरपेक्ष प्रेम केलं, त्यांना संघ मिळायला उशीरच झाला आहे. पैसा कुठल्या राजकारणातून आला हे ज्याने त्याने तपासावं, पण त्याच्या दोषाचं माप तिथल्या राजधानीतल्या, म्हणजे पोर्ट मोर्स्बीतल्या, पोरांच्या पदरात टाकू नये.

माझी काळजी वेगळी आहे. पर्थला यापूर्वीही संघ मिळाला होता. १९९५ मध्ये 'वेस्टर्न रेड्स' आले आणि १९९७ संपता संपता गेलेसुद्धा. त्या वेळी दोन स्पर्धांमध्ये पैशांचं युद्ध पेटलं होतं, ते मिटवताना ज्यांचे बळी गेले त्यांत हा संघ होता. दहा वर्षांच्या ज्या मुलाने तेव्हा लाल टोपी विकत घेतली, तो आज चाळिशीत आहे. त्याला आता पुन्हा जर्सी घ्यायला सांगताना स्पर्धेने त्याच्या डोळ्यांत बघून काहीतरी शब्द द्यायला हवा.

सिडनीकरांना हे कळतं, कारण त्यांनी ते भोगलं आहे. साउथ सिडनी हा आणखी एक मूळ संघ, त्यालाही १९९९ नंतर बाहेर काढलं. लोकांनी ते मान्य केलं नाही. २००० साली हजारोंच्या संख्येने माणसं लाल-हिरव्या रंगात शहराच्या रस्त्यांवर उतरली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००२ मध्ये संघ परत आला. २०१४ मध्ये तो अजिंक्य ठरला. हे ऐकताना दर वेळी मला पुणं आठवतं, आणि खरं सांगायचं तर पोटात तुटतं.

मी पुण्याचा. २०११ मध्ये आयपीएल आठ संघांवरून दहावर गेली, त्यात पुणे वॉरियर्स आला. पहिल्या वर्षी 'घरचे' सामने नवी मुंबईत. दुसऱ्या वर्षी गहुंजेचं मैदान मिळालं, तेव्हा आम्ही मित्र चिंचवडहून दुचाकीवर जायचो. २०१३ मध्ये मालक आणि मंडळ यांच्यातल्या पैशांच्या भांडणात संघ संपला. मग २०१६ मध्ये दुसरा संघ आला, तोही दोनच वर्षांच्या बोलीवर. त्या वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता, हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि आमचं घरचं मैदान विशाखापट्टणमला गेलं. मराठवाड्यात रेल्वेने पाणी जात असताना तो निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. २०१७ ला अंतिम सामना मुंबईविरुद्ध एका धावेने हरलो. त्यानंतर संघच नाही. २०२२ मध्ये पुन्हा दोन नवे संघ आले, ते अहमदाबाद आणि लखनौचे.

पुण्यात कोणी मोर्चा काढला नाही. मीही काढला नाही. मुंबईला पाठिंबा देऊ म्हणालो आणि घरी गेलो. आपल्याकडे नव्या संघाची चर्चा होते ती बोली किती कोटींची लागली याची. संघ गेल्यावर त्या शहराचं काय गेलं, याची होत नाही. कारण त्या संघांनी शहरात काही रुजवलंच नव्हतं. त्यांच्या नावाची शाळांची स्पर्धा नव्हती, एखादं छोटं मैदान नव्हतं, पंधरा वर्षांच्या पोरांचा संघ नव्हता. इथे क्लब म्हणजे आधी हे सगळं असतं आणि त्याच्या शेंड्यावर टीव्हीवर दिसणारा संघ.

दुसरा वाद सामना थांबवण्याचा. खेळाडू जखमी होऊन पडला की खेळ थांबवायचा का? रग्बी लीगमध्ये पूर्वापार चाल अशी की जखमी माणसाजवळ ट्रेनर धावत जातो आणि खेळ पुढे चालू राहतो. प्रकरण गंभीर असेल तर ट्रेनर पंचांना खेळ थांबवायला सांगतो. पण दमलेल्या संघाला श्वास घ्यायला मिळावा म्हणूनही थांबवण्याची मागणी होते, असा संशय वाढला. म्हणून २०२१ पासून नियम आला: ट्रेनरने खेळ थांबवला, तर तो खेळाडू बदलायचा किंवा किमान दोन मिनिटं बाहेर ठेवायचा. स्टँडमध्ये माझ्या आजूबाजूचे लोक या नियमावर खूश असतात. कोणी डोकं धरून पडला की "ऊठ, नाटकं नकोत" अशा आरोळ्या उठतात.

मला त्या आरोळ्या सहन होत नाहीत. डोक्याच्या बाबतीत या स्पर्धेने खूप मोठी किंमत देऊन काही गोष्टी शिकल्या आहेत. २०२१ मध्ये रूस्टर्सचे दोन कर्णधार, जेक फ्रेंड आणि बॉइड कॉर्डनर, डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे एकाच हंगामात निवृत्त झाले. कॉर्डनर तेव्हा फक्त २९ वर्षांचा होता. आता संशय आला की खेळाडूला पंधरा मिनिटं आत नेऊन तपासतात, स्वतंत्र डॉक्टर पडद्यावर फेरदृश्यं बघून त्याला बाहेर काढू शकतो, आणि मेंदूला धक्का बसल्याचं ठरलं तर साधारणपणे किमान अकरा दिवस सामना नाही. शंभरातले दहा नाटक करत असतील. त्या दहांना पकडण्यासाठी उरलेल्या नव्वदांना उठून उभं राहायला लावायचं का? दोन मिनिटांच्या नियमाबद्दल माझी तक्रार हीच. थांबण्याला दंड लावला की जखम लपवली जाते.

आणि हे मी बोलतो तो जखम लपवण्याचं कौतुक करत वाढलेला माणूस आहे. २००२ मध्ये अँटिग्वाला जबडा मोडलेला असताना तोंडाला पट्ट्या बांधून अनिल कुंबळेने गोलंदाजी केली आणि लाराला बाद केलं. आमच्या वर्गात तो फोटो भिंतीवर होता. त्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक आहे. पण त्या फोटोने आम्हाला जे शिकवलं ते सगळंच बरं नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये गहुंजेलाच इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. राणाने तीन बळी घेतले. अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, यावर आठवडाभर घरच्या ग्रुपवर भांडण झालं. मीही त्यात होतो. आठवड्याने लक्षात आलं, दुबेचं डोकं आता कसं आहे हे दोनशे मेसेजमध्ये एकानेही विचारलं नव्हतं.

हे मला टोचलं, कारण घरातच एक उदाहरण आहे. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, सांगली जिल्ह्यात गावच्या संघाकडून कबड्डी खेळायचा. जत्रेतल्या स्पर्धेत पकड करताना समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो काही क्षण हललाच नाही. मग तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, पाठीवर थाप मारून पुन्हा उभा केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही. परतताना टेम्पोत तो तीनदा ओकला आणि आम्ही कुठल्या गावातून चाललोय हेच त्याला आठवेना. आठ दिवस अंथरुणावर होता. आजही ऊन चढलं की त्याचं डोकं ठणकतं. त्याला उठवणारे प्रशिक्षक वाईट नव्हते, स्वतःच्या खिशातून पोरांना दूध पाजणारा माणूस होता तो. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला इथल्या मुलींच्या सामन्यात डोक्याला मार लागला. पंचांनी शिट्टी वाजवली, तिला बाहेर नेलं आणि खेळायला परत सोडलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा मुलांना सामन्यात परतायला किमान २१ दिवस, आणि धडका-पकडींच्या सरावाला परतण्याआधी किमान १४ दिवस एकही लक्षण नसलेले. लेक रडली, "बाबा, मला काही झालेलं नाही" म्हणाली, उपांत्य सामना हुकला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. क्लबच्या कुठल्याही माणसाने तिला लवकर आणा असं सुचवलंसुद्धा नाही. त्या २१ दिवसांत मला दादाचा टेम्पो रोज आठवला.

मैदानावर डॉक्टर नसेल आणि संघ मात्र वाढत असतील, तर त्या वाढीचा मला आनंद होत नाही. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आठ संघांची होती, २०१७ मध्ये बाराची झाली. २०२४ मध्ये पुणेरी पलटण जिंकली तेव्हा मी पहाटे उठून इथे पेढे वाटले. पण आठाचे बारा झाल्यावर दादाच्या गावच्या मैदानावर काय पोहोचलं? मॅट पोहोचली, लाइट पोहोचले, समालोचक पोहोचला. पर्थ आणि पोर्ट मोर्स्बीबद्दल मी इथल्या मित्रांना हेच विचारतो: तिथल्या पंधरा वर्षांखालच्या सामन्याला पहिल्याच वर्षापासून मैदानाकडेला कोण उभं असेल?

दादा आता गावच्या पोरांना शिकवतो. लेकीचं सगळं कळल्यावर त्याने फोन केला, "अरे, डोक्याला मार लागल्यावर तपासायचा तो तुमच्याकडचा कागद मराठीत करून पाठव." मी रविवारी बसून केला. नाव काय, कोणाशी सामना चालू आहे, डोकं दुखतं का, उजेड सहन होतो का, मळमळतंय का. सगळं जमलं. शेवटच्या ओळीवर अडलो: डॉक्टरची सही. गावात डॉक्टर नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र सोळा किलोमीटरवर.

दादाने दोन दिवसांनी परत फोन केला. जत्रेच्या स्पर्धेला व्यासपीठावर मान्यवरांसाठी अकरा खुर्च्या असतात. त्यातली एक यंदा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमसाठी ठेवायची, आणि ती व्यासपीठावर नाही, मैदानाच्या रेषेला लागून. नारळ त्यांच्याच हातून फोडून घेणार आहे, म्हणजे त्या नक्की येतील, असं त्याचं म्हणणं. मंडळाच्या बैठकीत एकाने विचारलं की मग आमदारांच्या शेजारी कोण बसणार. त्यावर अजून चर्चा चालू आहे.