दीर्घिकेतला हायड्रोजन फक्त ताऱ्यांमुळे संपतो, हे खरं नाही

सांगली-मिरजेच्या आकाशप्रेमींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'दीर्घिकेतला (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहातला) हायड्रोजन तारे बनण्यात खर्च होतो, बाकी कशाने नाही. बाहेर निव्वळ पोकळी, तिथे वारा कुठला? शेजारच्या दीर्घिका लाखो प्रकाशवर्षं लांब, त्यांचा काय संबंध?' शाळेतली मुलं हे वहीत उतरवून घेतायत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी पोकळीचं बघू. एकट्यादुकट्या दीर्घिकेभोवती खरंच फारसं काही नसतं. पण मोठ्या समूहात शेकडो दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूने भरलेली असते. क्ष-किरणांत तो स्पष्ट दिसतो. त्यातून दीर्घिका सेकंदाला हजारएक किलोमीटरने धावते, म्हणजे तिला समोरून वाराच लागतो. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी 1972 मध्येच हे मांडलं. उफणताना दाणा खाली राहतो नि फोलपट उडतं, तसे तारे जागच्या जागी राहतात आणि हायड्रोजन मागे फेकला जातो.

आता 'ताऱ्यांनीच संपवला' हा दावा. तारे बनतात दाट वायूत, म्हणजे जास्त करून मध्याकडे. खर्चानेच वायू संपला असता, तर आधी मध्य रिता व्हायला हवा होता. दीर्घिकांच्या कन्या समूहातली, सुमारे 5.4 कोटी प्रकाशवर्षांवरची एम 90 ही दीर्घिका घ्या. वैशाखात मिरजेजवळच्या दंडोब्याच्या डोंगरावरून लहान दुर्बिणीतही ती सापडते. तिथे नेमकं उलटं आहे: ताऱ्यांची तबकडी दूरवर पसरलेली, पण हायड्रोजन उरलाय तो मधल्या भागातच, कडेला जवळपास नाही. शिवाय एका बाजूला आयनित (विद्युतभारित) वायूची सुमारे अडीच लाख प्रकाशवर्षं लांब शेपटी. खर्च झालेल्या वायूला शेपटी फुटत नाही!

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर एम 81 आणि एम 82 या शेजारच्या दोन दीर्घिका साध्या प्रकाशात अगदी सुट्या दिसतात. हायड्रोजनमधून निघणाऱ्या 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींत पाहिल्या, की दोघींमध्ये आणि पुढे एनजीसी 3077 या तिसऱ्या दीर्घिकेपर्यंत हायड्रोजनचे पट्टे ताणलेले दिसतात. इथे वाराही लागला नाही, गुरुत्वाकर्षण पुरलं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणसुद्धा याच हायड्रोजनचा वेध घेते.

तारे वायू वापरतात, दीर्घिकेच्या वस्तुमानानेही फरक पडतो. तेवढं मेसेजमध्ये राहू द्या. 'बाकी कशाने नाही' हे शब्द मात्र काढा, आणि ज्यांना पाठवलाय त्यांनाही कळवा.