तीन चाकांचा तोल आणि वेगाचे गणित
जुन्या सुट्या भागांतून बागेसाठी तीनचाकी ट्रॅक्टर बनवण्याविषयीच्या या लेखात सांगाड्याची जोडणी उत्तम समजावली आहे. तोलाचा विचार मात्र अधिक विस्ताराने यायला हवा होता. पुढे एकच चाक असल्यास आधार त्रिकोणी होतो आणि उतारावर वळताना भार त्या त्रिकोणाच्या तिरक्या कडेबाहेर गेला की यंत्र कलंडते, म्हणून इंजिन शक्य तितके खाली आणि मागच्या आसाजवळ बसवावे, पण ओढताना पुढचे चाक उचलले जाईल इतके मागेही नको. ५० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ५ किलोमीटर वेगाने जाताना मिनिटाला सुमारे ५३ फेरे घेते. त्यामुळे मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा वेग जवळपास ६८ पटींनी कमी करावा लागतो आणि ते साखळीच्या एकाच टप्प्यात साधत नाही. जुन्या वाहनाचा गिअरबॉक्स इथेच खरा उपयोगी पडतो.