वावरात उतरणारं हेलिकॉप्टर

परवा रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. "बाळू, त्या मेसेजमधल्या हेलिकॉप्टरचा नंबर सेव्ह करून ठेवलाय बरं का मी. थेट वावरात उतरतंय म्हणं. आता कशाला अंबडला पळायचं?"

ताई जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात राहते. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून दाजी निम्म्या रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. मी २८ वर्षं ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माता होतो. एरवी असले मेसेज मी न वाचताच खोडतो, पण ताईनं हा खरा धरला होता.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. 'एअर ॲम्ब्युलन्सचे फायदे जाणून घ्या' असं वर, दोन लाल दिवे, आणि खाली: आयुष्मान कार्ड असेल तर सेवा मोफत. १०८ ला किंवा खालच्या मोबाईलवर फोन करा, २० मिनिटांत हेलिकॉप्टर तुमच्या शेतात. विमानात पूर्ण आयसीयू, म्हणून कोणताही पेशंट सुरक्षित. आणि शेवटी ठळक अक्षरात: 'हार्टअटॅक, सर्पदंश, अपघात असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात वेळ घालवू नका, थेट मुंबई-पुणे गाठा.'

मोफतचं आधी उरकतो. ही योजना आहे, पण मध्य प्रदेशात. 'पीएमश्री एअर ॲम्ब्युलन्स' नावानं ती २०२४ मध्ये सुरू झाली आणि आयुष्मान कार्डवाल्यांना मोफत आहे, हेही खरं. कुणीतरी राज्याचं नाव तेवढं बदललंय. तिथंसुद्धा शेतकऱ्यानं फोन लावला आणि हेलिकॉप्टर आलं असं होत नाही. आधी डॉक्टरांची शिफारस, मग प्रशासनाची मंजुरी. आपल्याकडं २०१४ पासून १०८ लावल्यावर दारात येते ती चार चाकांची गाडी, आणि तिनं पुष्कळ जीव वाचवलेत.

२० मिनिटांचं गणित तर बघाच. रुग्ण नेणारं विमान बहुतेक वेळा मोठ्या शहरात उभं असतं. वैमानिक, डॉक्टर, उड्डाणाची परवानगी हे जमवायचं, मग ते छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर किंवा नांदेडला उतरणार. विमान बांधावर येत नाही, पेशंटच विमानतळावर न्यावा लागतो. ताईच्या गावाहून चिकलठाणा म्हणजे गाडीनं दोन तास. त्या वाटेवर किती दवाखाने मागं पडतात, ते मोजा.

हेलिकॉप्टर उतरेल की, असं कुणी म्हणेल. वावरात? वरून महावितरणच्या तारा, खाली उभी कपाशी, आणि श्रावणातली काळी माती, जिच्यात बैलगाडी रुतली तर चार माणसं लागतात. ऋषिकेशच्या एम्सचं खास याच कामाचं हेलिकॉप्टर मे २०२५ मध्ये केदारनाथला पेशंट आणायला गेलं आणि उतरताना आदळलं. आतले वाचले, नशीब. शिवाय नुसत्या नजरेवर चालणारी उड्डाणं सूर्य मावळल्यावर साधारणपणे बंद होतात. आणि साप चावतो कधी? दाजी पाण्यावर असतात तेव्हा.

आता त्या ठळक वाक्याकडं येतो, कारण बाकीचा मेसेज नुसता खुळा आहे, हे वाक्य माणूस मारणारं आहे.

सापाच्या विषावर औषध एकच, प्रतिसर्पविष. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी जी बाटली मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात, तीच तालुक्याला. मुंबईत काही वेगळं अमृत ठेवलेलं नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं २०१६ मध्ये सर्पदंशाच्या उपचाराची मार्गदर्शिका काढली. ती मी टेबलाच्या काचेखाली घडी करून ठेवली होती. तिचं सांगणं सरळ आहे: पेशंटला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका, लगेच दवाखान्यात न्या, आणि वाटेत काय काय त्रास वाढत गेला ते डॉक्टरांना सांगा. विषाची लक्षणं दिसली की पहिला डोस ८ ते १० बाटल्यांचा. पोरालाही तेवढाच, कारण सापानं विष सोडताना वय बघितलेलं नसतं.

आणि २० मिनिटं म्हणालात ना? आमच्याकडंही एक २० मिनिटांचं काम असायचं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, उभं ठेवायचं, हात लावायचा नाही. २० मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल आणि पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं, बाटल्या काढा. बाटलीत औषधाची भुकटी असते, ती विरघळवताना खळखळून हलवायची नाही, फेस होतो. तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रात्री दहाला आणलेल्या एका गड्यासाठी मी आणि सिस्टरनं मिळून दहा बाटल्या अशा फिरवल्यात. तेवढ्या वेळात मेसेजवाल्याच्या विमानाला परवानगीसुद्धा मिळाली नसती.

मण्यारीचं तर त्याहून वाईट. ती झोपेत चावते, सूज नाही, फारसं दुखणं नाही. पहाटे पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडखळतो. अशा माणसाला श्वास देणारा हवेचा फुगा दाबत दाबत जिल्ह्याला नेणारा कुणीतरी त्याच वेळी शेजारी पाहिजे. मोबाईलवर नकाशा बघत बांधावर बसला, तर तो संपला.

छातीत कळ आली तरी तेच. तालुक्याला ईसीजी निघतो. हृदयाची नस बंद झाल्याचं दिसलं आणि ॲन्जिओप्लास्टी १२० मिनिटांच्या आत होण्यासारखी नसेल, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन चालत असेल तर ते आधी देऊन मग मोठ्या दवाखान्याकडं हलवायचं, असा हृदयरोगतज्ज्ञांचा नियम आहे. घनसावंगीहून १२० मिनिटांत मुंबईच्या टेबलावर कुणी पोचवून दाखवावं.

'कोणताही पेशंट सुरक्षित' हेही खोटं. विमानात वेफर्सचं पाकीट फुगतं ते बघितलंय ना? वर दाब कमी, हवा पसरते. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठलेला अपघातातला माणूस आधी नळी न टाकता वर नेला, तर आत तेच होणार. प्राणवायूही विरळ होतो. म्हणून आधी खाली स्थिर करायचं, मग उडवायचं.

पण एक कबूल करतो, आढेवेढे घेत का होईना. विमानाचा उपयोग आहे. नांदेडहून मुंबई रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरच्या वर, दहा-बारा तास. तिथं स्थिर केलेला भाजलेला पेशंट किंवा व्हेंटिलेटरवरचं बाळ सव्वा-दीड तासात न्यायचं असेल, तर त्यासारखं साधन नाही. पण ते एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात न्यायचं काम आहे, आणि खिशातून करायचं तर खर्च काही लाखांत.

आणि लोक हा मेसेज का पुढं पाठवतात, तेही मला कळतं. डॉक्टर जागेवर नाही, बाटल्या संपल्या, 'पुढं घेऊन जा' असं म्हणणारी खिडकी, हे मी आतून बघितलंय. कधी त्या खिडकीत मीच होतो. त्यावर भांडायचंच. पण बाटल्या नाहीत म्हटल्यावर पुढच्या दवाखान्याकडं गाडी वळवायची असते, आभाळाकडं बघत बसायचं नसतं.

शेवटी मी मेसेजमधला मोबाईल नंबर लावून बघितला. पलीकडं हिंदी बोलणारा एजंट. पेशंटचं वजन किती, कुठून कुठं, ॲडव्हान्स कोण भरणार. गावाचं नाव सांगितलं तर म्हणाला, "नियरेस्ट एअरपोर्ट बोलिए." मोफतचं विचारलं, तर फोन कट.

ताईला तो नंबर काढायला लावला. त्या जागी १०८, तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर आणि शेजारच्या जीपवाल्याचा नंबर घालायला सांगितला.

"जीपवाल्याचा कशाला?" ती म्हणाली. "त्याला तर हाक मारली की येतोय."

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. दाजींनी अंगठा दाखवला आणि खाली गुडनाईटचं फूल टाकलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, लाईट बाराला येणार होती.