“इम्प्लांटले काहीच करा लागत नाही” : फिरून राहिलेल्या मेसेजले मुद्द्यानिशी उत्तर

एक मेसेज सध्या आमच्याकडं सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला. गावाच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, सोयाबीनचे भाव टाकतात त्या ग्रुपवरसुद्धा. त्यात लिहिलंय की दाताचा इम्प्लांट (म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात तो स्क्रू, त्याच्यावर दाताची कॅप लावतात) धातूचा असतो म्हणून त्याला कीड लागत नाही, एकदा बसवला की जन्मभर पाहायची गरज नाही, दुखत नाही तोवर दवाखान्यात जाऊ नका, रक्त आलं तर ब्रश बंद ठेवा, मीठ नाहीतर कोळशाच्या पावडरनं घासा, खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना घोटलेला) दुसऱ्या बाजूनं खाल्ला तर चालतो, दवाखान्यात दातांची सफाई करू नका नाहीतर इम्प्लांट ढिला होतो, आणि हललाच तर घरीच चिकटवून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. हा मेसेज वाचून तपासणीला यायचं बंद केलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहून राहिलो, जरा लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

कीड लागत नाही, हे अर्धं खरं आहे. टायटॅनियमला कीड लागत नाही, वरच्या कॅपलाही नाही. पण इम्प्लांट उभा असतो तो हाडात, आणि हाड जिवंत आहे. धुऱ्यावर सिमेंटचा खांब गाडला तर खांबाला काही होत नाही, पण दरसाल पाण्यानं बुडाची माती वाहून गेली तर तोच खांब एक दिवस आडवा होतो, तसं हे आहे. हिरडीच्या कडेला जो पांढरा चिकट थर रोज साचतो त्यात जंतू असतात. त्यानं आधी हिरडी सुजते, ह्या टप्प्यावर नीट साफ केलं तर ती पूर्ववत होते, पण दुर्लक्ष झालं की सूज खाली उतरते आणि इम्प्लांटभोवतीचं हाड झिजायला लागतं, ह्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. ते गेलेलं हाड सहजासहजी परत येत नाही, आणि इम्प्लांटचे आटे एकदा उघडे पडले की त्या खरबरीत आट्यांमधे जंतू असे बसतात की आम्हालाही साफ करणं अवघड जातं.

आता 'दुखत नाही तोवर जाऊ नका'. माझ्या मते ह्या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक धाग्यांचा एक थर असतो, तो हाड आणि मूळ दोघांत रुतलेला असतो, त्यालाच नसा असतात, म्हणून खडा चावला की लगेच कळतं. इम्प्लांटला हा थरच नसतो, हाड सरळ धातूला धरून असतं. म्हणजे खबर देणारंच कोणी नाही, वरून हिरडीचे धागेही धातूत रुतत नाहीत, नुसते बाजूनं जातात, म्हणून आजार आत लवकर उतरतो.

मागं एक काकू आल्या होत्या, खालची दाढ, कापसाचा चुकारा आला तेव्हा पोरानं बसवून दिलेली. म्हणे, “काही त्रास नाही जी डॉक्टर, नुसता वास येते म्हणून आली.” जेवण बरोबर होत होतं, चेहऱ्यावर सूज नाही. मी हिरडीवर बोटानं हलकं दाबलं तर कॅपच्या कडेनं पू वर आला. हिरडीतली खोली मोजायची सळई जिथं तीन-चार मिलिमीटर जायला पाहिजे तिथं आठपर्यंत गेली, आणि एक्सरेत इम्प्लांटच्या दोन्ही बाजूनं हाड वाटीसारखं खचलेलं. दुखणं मात्र शून्य. म्हणून वास, चव बिघडणं, ब्रशवर लाल, हिरडी खाली सरकून राखाडी धातू दिसणं, ह्यातलं एकही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. काहीच दिसलं नाही तरी सहा महिन्यांनी एकदा यायचंच. शुगरवाले, तंबाखूवाले आणि ज्यांचे आधीचे दात पायोरियानं गेले ते, ह्यांनी तीन-चार महिन्यांनी. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्सरे जपून ठेवा, कारण पुढं हाड किती गेलं ते त्याच्याशीच ताडून पाहता येतं.

रक्त आलं की ब्रश बंद, हे तर एकदम उलटं सांगितलंय बाप्पा. रक्त येतं ते थर साचून हिरडी सुजली म्हणून, आणि ब्रश बंद केला की थर अजून वाढतो. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि कॅप जिथं भेटतात तिथं तिरपा धरून हळूहळू फिरवा, सकाळी आणि झोपायच्या आधी. पण नुसत्या ब्रशनं भागत नाही. इम्प्लांटची मान बारीक असते आणि वरची दाढ रुंद, त्यामुळं खाली जी खाच राहते तिथं ज्वारीच्या भाकरीचा चोथा, तुरीच्या दाण्याची सालपटं, संभाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या जाऊन बसतात. तिथं दोन दातांच्या मधात घालायचा छोटा ब्रश लागतो, त्याची तार प्लास्टिकनं मढवलेली पाहिजे, नुसती तार नको, आणि कोणत्या नंबरचा बसतो ते डॉक्टरकडून मोजून घ्या. सेफ्टीपिन, आगपेटीची काडी, हे खरंच नका करू. आणि तो ब्रश कुठूनच आत जात नसेल तर दोष तुमचा नाही, कॅपचा आकार तसा झाला असू शकतो, डॉक्टरला स्पष्ट सांगा की इथं साफ करायला जागा नाही, ती घासून दुरुस्त करता येते. कधी कधी कॅप बसवतानाचं सिमेंट हिरडीखाली राहून जातं आणि त्यानंच सूज धरते, ही आमच्याकडची चूक आहे आणि ती शोधून काढणं आमचंच काम आहे.

मीठ, कोळसा, राखुंडी, गुडाखू ह्यांनी घासून कॅपवर ओरखडे पडतात, हिरडी सोलते, आणि ओरखड्यात थर आणखी पक्का धरतो. गुडाखूत तर तंबाखूच असतो. साधी पेस्ट पुरते.

खर्ऱ्याबद्दल जास्त लिहिणं भाग आहे, कारण आपल्याकडं पानठेल्याहून पन्नी घेतल्याशिवाय बऱ्याच जणांचा दिवस सुरू होत नाही. 'दुसऱ्या बाजूनं खा' म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं की निकोटिन रक्तात जातं, रक्त दोन्ही बाजूला फिरतं, आणि हिरडीला रक्त कमी मिळालं की ती जंतूंशी लढू शकत नाही. चुन्यानं आतलं कातडं पोळतं ते वेगळंच. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, सुपारीनं गाल आतून ताठ होतात, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. दोन बोटंही आत जात नाहीत अशा माणसाच्या मागच्या दाढेवर ना त्याचा स्वतःचा ब्रश पोचतो ना माझं औजार, स्क्रू कसायचा पाना उभा धरायलाही तेवढी जागा लागते. कॅन्सरची भीती तर आहेच. ज्यांना सोडायचा आहे त्यांनी लाजू नका, दवाखान्यात बोला, मदत मिळते.

सफाईनं इम्प्लांट ढिला होत नाही. हाडात धरलेला इम्प्लांट सफाईनं हलत नसतो, आणि सफाईनंतर जो हलला तो आधीच सुटलेला होता, थर घट्ट होऊन जो दगड बनतो त्यानं अडकून होता एवढंच. एक मात्र खरं की नेहमीच्या मशीनच्या स्टीलच्या टोकानं टायटॅनियमवर चरे पडतात, म्हणून त्यासाठी प्लास्टिकची किंवा टायटॅनियमची टोकं वेगळी असतात, नाहीतर बारीक पावडरच्या फवाऱ्यानं साफ करतात. शिबिरात किंवा नवीन ठिकाणी गेलात तर खुर्चीत बसल्याबरोबर सांगा की कोणता दात इम्प्लांटचा आहे. जवळ सोय नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय आहे.

मेसेजमधे 'जन्मभर पाहायची गरज नाही' ह्यासाठी स्वीडनच्या एका माणसाचा दाखलाही दिलाय, तो माणूस खरा आहे. ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरनं 1965 साली गोस्टा लार्सन ह्या माणसाला इम्प्लांट बसवले आणि ते 2006 साली तो वारला तोवर टिकले. म्हणजे चाळीस वर्षं टिकू शकतात, एवढंच त्यातून कळतं, न घासता टिकतात असं त्यातून कुठं निघालं?

राहिलं हलण्याचं. हलते ती पुष्कळदा नुसती कॅप असते, आतला स्क्रू ढिला झालेला असतो, तो लवकर आलात तर कसता येतो. फेविक्विक लावून बसवली की तो स्क्रू आतच जाम होतो, हिरडी जळते, आणि कॅप तोडूनच काढावी लागते. कॅप निघाली तर धुऊन एखाद्या डबीत ठेवा, त्या बाजूनं चावू नका, आणि येताना इम्प्लांटचं कार्ड सोबत आणा, ज्यावर कंपनीचं नाव आणि साइजचं स्टिकर असतं, कारण कंपनीप्रमाणे पाना वेगळा लागू शकतो. कार्ड मिळालं नसेल तर जिथं बसवला तिथून आजच मागून घ्या आणि आधार कार्डासोबत ठेवा.