स्वायत्त व्हा, पण आधी विचारून

कंपनीत माणसं वाढत चालली आहेत, सगळे दिवसभर कामात दिसतात आणि तरी सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काही वेळेवर निघत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर घाबरू नका. छोट्या छोट्या स्वायत्त टीम करा. उपाय परदेशातला आहे, खात्रीचा आहे आणि त्याची पीपीटी आयती मिळते. आमच्याकडे हिंजवडीत तो गेल्या वर्षी झाला. त्याचे लाभ मी रोज घेतो आहे. गेल्या पंधरवड्यात एका पोस्टकोडपायी ते जरा जास्तच घ्यावे लागले, म्हणून म्हटलं, इतरांनाही वाटा मिळावा.

सुरुवात नावांपासून करा. टीमला टीम म्हणायचं नाही, स्क्वाड म्हणायचं. बिझनेस युनिटला ट्राइब म्हणायचं. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांचा चॅप्टर, आणि ज्यांना एखाद्या विषयाची हौस आहे त्यांची गिल्ड. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीत असंच म्हणत. हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इवार्सन या दोघांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या रचनेवर एक छोटेखानी लेख लिहिला होता. तेव्हा त्यांच्या तीन शहरांत मिळून तीसेक टीम होत्या. हे आमच्या आजच्या कामाचं चित्र आहे आणि ते भराभर बदलतंय, असं त्यांनी त्यातच सांगून ठेवलंय. तेवढं वाक्य पीपीटीत घेऊ नका. लोक विचारतात, मग आता तिथे काय चालतं? उगाच वेळ जातो.

मग स्क्वाडांना किल्ल्यांची नावं द्या. आमच्याकडे राजगड, तोरणा, सिंहगड आणि प्रतापगड आहेत. मी राजगडावर असतो. टी-शर्ट छापून झाले, मुळशीला आउटिंग झालं, भिंतीवर बुरूज रंगवून झाला. कोणाकडे कोणती सिस्टिम आहे हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ट्राइब शंभराच्या आत ठेवायची असते, असं त्या लेखात आहे. तुम्ही मोजू नका.

चॅप्टर लीड नेमताना काळजी घ्या. मूळ रचनेत तो स्वतः एखाद्या स्क्वाडमध्ये बसून रोजचं काम करतो, आणि त्या कामाची जाण असते म्हणून आपल्या चॅप्टरमधल्यांचं अप्रेझलही बघतो. आपल्याकडे असला वेडेपणा चालायचा नाही. ज्याने कोड शेवटचा कधी लिहिला हे त्यालाही आठवत नाही, असा माणूस शोधा. म्हणजे काम काय करायचं ते प्रॉडक्ट ओनर सांगेल, कसं करायचं ते आर्किटेक्ट सांगेल, केलं की नाही ते स्क्रम मास्टर विचारेल आणि इन्क्रिमेंट का कमी झालं ते चॅप्टर लीड समजावेल. स्क्वाडला वर कोणी बॉस नसतो म्हणतात, ते अगदी खरं आहे. एक बॉस नसतो.

गिल्ड म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छांचं चॅनल.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. टीम तोडा, पण सिस्टिम तोडू नका. कोड सगळ्यांचा एकत्र, डेटाबेस सगळ्यांचा एक, रिलीज सगळ्यांचं एकाच दिवशी, आणि स्वायत्तता ज्याची त्याला. हे कसं जमवायचं ते पोस्टकोडच्या उदाहरणाने सांगतो.

आमचं प्रॉडक्ट आधी भारतातच विकलं जायचं. पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिनकोडला सहा आकडे. आता एक गिऱ्हाईक नेदरलँड्सचं मिळालं. त्यांच्या पोस्टकोडमध्ये चार आकडे आणि पुढे दोन अक्षरं. म्हणजे लांबीसुद्धा तीच, फक्त अक्षरं चालायला हवीत. फॉर्म राजगडाचा, म्हणजे आमचा. तिथला बदल सकाळचा चहा संपायच्या आत झाला. पण भरलेला पिनकोड तपासणारा कोड सगळ्यांनी वापरायच्या कॉमन लायब्ररीत आहे आणि ती लायब्ररी सिंहगडाची. पिनकोडचा कॉलम डेटाबेसच्या ज्या टेबलात आहे ते तोरण्याचं, आणि कोणे एके काळी कोणीतरी त्या कॉलमचा टाइप आकड्याचा करून ठेवलाय, त्यामुळे त्यात अक्षर मावत नाही. त्या टेबलातून प्रतापगड थेट रिपोर्ट काढतो, म्हणून टाइप बदलला की त्यांचे रिपोर्ट झोपतात. रिलीजची चावी पाचव्याच लोकांकडे. त्यांना किल्ला मिळालेला नाही, म्हणून ते मुळातच नाराज आहेत.

सिंहगडाचा प्रॉडक्ट ओनर माझ्यापासून दोन रांगा पलीकडे बसतो. गेलो.

"अरे, तुझं म्हणणं एकदम व्हॅलिड आहे, पण आमचं क्वार्टरचं प्लॅनिंग लॉक झालंय. तिकीट टाकून ठेव, पुढच्या प्लॅनिंगला बघू."

"एका ओळीचा बदल आहे. मी करतो, टेस्टही लिहितो. तुझ्या मुलांनी फक्त पुल रिक्वेस्ट बघायची."

"रेपोला राइट अ‍ॅक्सेस नाही देता येत रे. स्वायत्ततेचा प्रश्न आहे."

(रेपो म्हणजे कोडचं कोठार, आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझा बदल बघून आत घ्या' ही विनंती.) हे म्हणताना तो हसत नव्हता. पूर्ण श्रद्धेने म्हणाला.

तिकीट टाकलं, म्हणजे कामाची रीतसर नोंद केली. तिकिटावर डिपेंडन्सीचं, म्हणजे एकाचं काम दुसऱ्यावर अडल्याचं, लेबल लागलं. लेबल लागल्यामुळे ते डिपेंडन्सी बोर्डवर गेलं. बोर्डवर गेल्यामुळे डिपेंडन्सी सिंक नावाचा कॉल लागला. कॉलला इतके जण होते की चेहऱ्यांचं दुसरं पान उघडावं लागलं. त्यात पोस्टकोडमध्ये अक्षरं का असतात यावर चर्चा झाली. एकाने विचारलं, गिऱ्हाइकाला आकड्यांवर भागवता येणार नाही का? म्हणजे एका देशाने आपली टपालव्यवस्था बदलावी, कारण सिंहगडाचं क्वार्टर लॉक आहे! प्रतापगडाने सांगितलं, आमच्या ओकेआरमध्ये, म्हणजे ठरवलेल्या उद्दिष्टांत, हे नाही. आर्किटेक्टने सांगितलं, हे काम मोठ्या अ‍ॅड्रेस प्लॅटफॉर्मचा भाग म्हणून व्हायला हवं. तो प्लॅटफॉर्म कोण करणार, असं विचारलं तर म्हणे त्यासाठी नवा स्क्वाड लागेल. नाव ठरलंय. रायगड.

शेवटी सगळे अलाइन झाले. पोस्टकोड तेवढा तसाच राहिला.

यातली गंमत अशी, की ज्या लेखावरून हे सगळं उचललं त्यातच याचं उत्तर आहे. तिथे लिहिलंय की कोणत्याही टीमने कोणतीही सिस्टिम बदलावी, तांत्रिकदृष्ट्या तशी मुभा आहे, आणि घडी विस्कटू नये म्हणून प्रत्येक सिस्टिमवर नजर ठेवणारा एक मालक नेमलेला असतो. शिवाय कोण कोणावर अडून बसलंय हे ते टीमना ठराविक काळाने विचारत. ज्या अडवणुकीने काम ठप्प होतं ती मोडायची, त्यासाठी कामांचा क्रम बदलायचा, टीम बदलायच्या, नाहीतर सिस्टिमची रचनाच बदलायची. आम्ही काय केलं? अडवणुकीचा बोर्ड केला, त्याला रंग दिले आणि तो सांभाळायला माणूस नेमला. त्याचं पोट आता अडवणुकीवर चालतं, तो ती कशाला मोडेल?

आणि हे काही गुपित नाही. मेल्विन कॉनवे या माणसाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्था जी सिस्टिम घडवते ती त्या संस्थेतल्या संवादाच्या नकाशासारखीच होते. आमच्या फॉर्मकडे बघून आमचा नकाशा कोणीही काढून देईल. अ‍ॅमेझॉनचंही उदाहरण देतात लोक, दोन पिझ्झांत पोट भरेल एवढीच टीम. पिझ्झा तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याच सुमाराला, २००२ च्या आसपास, तिथला संस्थापक बेझोसने हुकूम काढला होता, की टीमनी एकमेकींशी फक्त सर्व्हिस इंटरफेसमधून, म्हणजे सिस्टिमला ठरवून ठेवलेल्या दारातून, बोलायचं, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये परस्पर हात घालायचा नाही, जो पाळणार नाही त्याने घरी जायचं. तिथे काम केलेल्या स्टीव्ह येगी या इंजिनिअरने २०११ मध्ये हे सविस्तर लिहिलं. हा भाग पीपीटीत कधीच नसतो, कारण त्यात काम आहे. टेबलं वेगळी करायची, इंटरफेस ठरवायचे, जुने रिपोर्ट मोडून पुन्हा लिहायचे. वर्षं जातात त्यात. पिझ्झा अर्ध्या तासात येतो.

छोट्या टीमचा हिशेब तर सातवीतल्या पोराला कळेल. आठ माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात अठ्ठावीस, पन्नास माणसांत एक हजार दोनशे पंचवीस. फ्रेड ब्रुक्सने आयबीएममधल्या अनुभवावरून हे १९७५ मध्ये मांडलं, आणि उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो हेही सांगितलं. टीम लहान करायची ती या जोड्या तोडण्यासाठी. आठ-आठ जणांचे गट पाडून पुन्हा प्रत्येक बारीक कामाला सगळ्या गटांना एका कॉलवर बसवणार असाल, तर काय तुटलं? टी-शर्टचे पैसे तेवढे गेले.

बाकी किरकोळ सल्ले भराभर सांगतो. स्क्वाडांच्या स्टोरी पॉइंटची, म्हणजे काम केवढं मोठं याच्या अंदाजी आकड्यांची, एकमेकांशी तुलना करा, म्हणजे पॉइंट आपोआप वाढतील. स्टँडअपला, म्हणजे उभ्या-उभ्या उरकायच्या रोजच्या मीटिंगला, चाळीस मिनिटं ठेवा. फ्रेशरला पहिल्या आठवड्यात डिपेंडन्सी बोर्ड दाखवा, नोकरी सोडायचीच असेल तर लवकर सोडेल बिचारा.

आणि ऑन कॉल, म्हणजे सिस्टिम पडली की फोन उचलायची पाळी. तुम्ही बांधलं, तुम्हीच चालवा, हे अ‍ॅमेझॉनच्या वर्नर व्होगेल्सचं २००६ चं वाक्य. ते आमच्या लिफ्टजवळ लावलंय. गेल्या शनिवारी रात्री दोन वाजता फोन आला, सर्व्हिस पडलीये. बांधली आम्ही, तेव्हा चालवायची आम्ही. पण रिस्टार्टचे अधिकार इन्फ्राकडे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे, आणि इन्फ्राचा माणूस सोमवारी सकाळी येतो. लॉग, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, बघायलाही अर्ज. मी दोन तास लॅपटॉप उघडून नुसता बसलो होतो. फोन उचलायची जबाबदारी आमची, आणि फोन उचलून करायचं काय, तर तिकीट टाकायचं!

आता पुरे झाले सल्ले. सरळच बोलतो.

तुम्हाला स्वायत्त टीम नकोच आहेत. तुम्हाला हवा आहे स्वायत्त दिसणारा ऑर्ग चार्ट, कारण तो वरच्या मीटिंगमध्ये दाखवता येतो. अधिकार सोडताना तुमचा जीव जातो. रिलीजची चावी द्यायची म्हटलं की कंप्लायन्स आठवतो, रेपो उघडायचा म्हटलं की क्वालिटी आठवते, आणि नवीन स्क्वाडचं बारसं करायचं म्हटलं की बजेट निघतं. चांगली कामं करणारी पोरं दिवसभर एकमेकांची परवानगी मागत फिरतात आणि संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून विचार करतात की आज मी नेमकं काय केलं. त्यांना आळशी म्हणू नका. त्यांना 'ओनरशिप दाखवा' हे टाउनहॉलमध्ये सांगायचं तर अजिबातच थांबवा. ओनरशिप घ्यायला हात पुढे केला की तुम्हीच हातात फॉर्म ठेवता.

चार गोष्टी करा. दुसऱ्या टीमच्या रेपोत पुल रिक्वेस्ट टाकायची मुभा द्या, आणि ती दोन दिवसांत बघितली गेलीच पाहिजे असा नियम करा. ज्या टेबलावर तीन टीमचा हात आहे ते वेगळं करायला एक सबंध क्वार्टर द्या, त्यात नवीन फीचर मागू नका. ज्याचा फोन रात्री वाजतो त्याला रिस्टार्टचं बटण द्या. डिपेंडन्सी बोर्ड सांभाळणाऱ्याला त्या डिपेंडन्सी मोडायच्या कामाला लावा. हे जमत नसेल तर जुनी डिपार्टमेंटं परत आणा आणि तसं तोंडाने कबूल करा. तेव्हा निदान भांडायला कोणाच्या केबिनमध्ये जायचं ते माहीत होतं.